737 नावांत 178

अमेरिकेतल्या राज्यांच्या सामाजिक शास्त्रांच्या शालेय अभ्यासक्रमांत नावानिशी येणाऱ्या व्यक्ती 737. त्यांत पुरुष 559, स्त्रिया 178. चारांत एकही पुरती नाही. ही मोजदाद तिथल्या राष्ट्रीय स्त्री-इतिहास संग्रहालयाने 2017 साली मांडली. 'महिला इतिहास महिना' 1987 पासून पाळला जात असूनही ही स्थिती!

नावे वाढवली की भागेल का? आपल्या संविधान सभेचा धडा घ्या. फाळणीनंतर सदस्य 299; वेगवेगळ्या काळात सभेत बसलेल्या स्त्रिया सगळ्या मिळून 15. हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, दाक्षायणी वेलायुधन यांची नावे मुलांकडून घोकून घेतली, तरी हिशेब 5 टक्क्यांच्या आसपासच अडतो. पदांचा इतिहास शिकवला की पदावरचीच माणसे भेटणार.

दुसरी अडचण कागदाची. 1901 च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता 9.8 टक्के, स्त्रियांची अवघी 0.6. 1951 मध्येही स्त्रिया 8.9 टक्क्यांवरच. लिहित्या हातच इतके थोडे, तर दप्तरात त्या कशा सापडाव्यात?

तरीही सापडतात, कोर्टाच्या दप्तरातसुद्धा. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. त्या नांदायला येईनात म्हणून नवऱ्याने 1884 मध्ये मुंबईत दावा लावला. 1885 चा निकाल त्यांच्या बाजूने; 1887 मध्ये तो फिरला: नांदा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये 2,000 रुपये देऊन प्रकरण मिटले. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींची वयोमर्यादा 10 वरून 12 केली, त्यामागच्या वादात हा खटला आणि बंगालमधल्या फुलमणी या बालवधूचा मृत्यू दोन्ही होते. हा कायदा 'सुधारक विरुद्ध सनातनी' एवढाच शिकवला, तर ज्यांच्यावरून वाद पेटला त्याच धड्याबाहेर राहतात.

आणि ज्यांना अक्षरओळखच नव्हती त्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, मजुरी, बाबासाहेब, सारे त्यांत आहे. इतिहासाचा एवढा मोठा ऐवज मराठीच्या तासाला 'लोकगीत' म्हणून गाऊन संपवणे ही निव्वळ उधळपट्टी आहे.

शिक्षकांनी नव्या क्रमिक पुस्तकाची वाट पाहू नये. 1891 चा धडा येईल तेव्हा एक तासिका रखमाबाईंच्या खटल्याला द्यावी, आणि त्यावर परीक्षेत गुणांचा प्रश्नही घालावा. गुण नसलेले आपल्याकडे कुणी वाचत नाही.