भिंतीलाही बरगड्या असतात!

आपल्याकडे भिंत म्हणजे भिंत. गिरमिटाने भोक पाडावे, गिट्टी ठोकावी, स्क्रू आवळावा आणि गणपतीच्या तसबिरीपासून टेलिव्हिजनपर्यंत वाटेल ते टांगावे. फार तर थोडे पोपडे निघतात आणि गृहलक्ष्मीचे दोन शब्द ऐकावे लागतात, इतकेच! सारी हयात याच समजुतीत काढलेल्या माझ्यासारख्याला अमेरिकेतल्या एका भिंतीने जो धडा दिला, तो वाचकांच्या कानी घालावा म्हणून हा लेखनप्रपंच.

न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आम्ही उभयता चिरंजीवांकडे मुक्कामाला होतो. घर नवे आणि त्यात नवा कोरा ५५ इंची संच. सूनबाईंनी जागा मुक्रर केली ती दोन खिडक्यांच्या बरोबर मधोमध. संच स्वयंपाकघरातूनही दिसावा म्हणून पुढे ओढता येणाऱ्या हाताचे ब्रॅकेट आणले. चिरंजीवांनी चार भोके पाडली, प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या आणि अर्ध्या तासात संच भिंतीवर चढला. मीही शाबासकी देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वर्षांच्या नातवाने तो हात सरसावून पुढे ओढला आणि ओरडला, "आजोबा, भिंत फाटली!" पाहतो तो वरच्या दोन्ही गिट्ट्या निम्म्या बाहेर आलेल्या, पांढरी भुकटी खाली सांडते आहे, आणि संच पुढे झुकलेला. नातू बरोबर त्याच्याखाली उभा! चिरंजीवांनी झेप घेऊन संच तोलून धरला म्हणून निभावले. त्या रात्री कोणाच्याही घशाखाली घास नीट उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे एक वयोवृद्ध सुतार आले. त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. कुठे 'ढब ढब', तर कुठे 'टक टक'. मग त्यांनी सारा उलगडा केला.

तिकडची बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची. जमिनीपासून छतापर्यंत उभे वासे रोवलेले असतात. त्यांना 'स्टड' म्हणतात. दोन वाशांच्या मध्यांतले अंतर सामान्यतः १६ इंच, क्वचित २४. वाशाची आपल्याकडे येणारी कड जेमतेम दीड इंचाची. त्यावर जिप्समचे तक्ते ठोकतात. दोन कागदांच्या मध्ये दाबलेला जिप्समचा थर, जाडी बहुधा अर्धा इंच. म्हणजे ज्याला आपण भिंत म्हणतो ती नुसती कातडी. बळ सारे आतल्या बरगड्यांत! आमच्या चारही गिट्ट्या कातडीत ठोकलेल्या होत्या.

त्यात भर पुढे ओढलेल्या हाताची. हिशेब अगदी सोपा आहे. संच २० किलोचा, भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर आणि ब्रॅकेटच्या वरच्या व खालच्या स्क्रूंत अंतर २० सेंटिमीटर धरा. वरच्या स्क्रूंवर बाहेर खेचणारी ओढ पडते सुमारे ५ किलोची. तोच संच ५० सेंटिमीटर पुढे ओढला की ती ओढ होते ५० किलो! वजन तेच, पण ओढ दहापट.

आता बरगड्या शोधायच्या कशा? एक लहानसे लोहचुंबक भिंतीवरून फिरवावे. तक्ते ठोकलेल्या स्क्रूंवर ते चिकटते आणि ते स्क्रू वाशातच असतात. विजेच्या प्लगची पेटीही बहुधा वाशाच्या कुशीलाच बसवलेली असते. खूण सापडली की तिथून १६ इंच मोजावे आणि ब्रॅकेटखाली झाकले जाईल अशा जागी बारीक खिळा ठोकून खात्री करावी. मात्र प्लग वा बटणाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, आत तारा असतात. काम सुरू करण्यापूर्वी त्या खोलीची वीज बंद ठेवावी.

आमची पंचाईत निराळीच निघाली. सूनबाईंचा मध्यबिंदू डावीकडच्या वाशापासून ५ इंचांवर आणि उजवीकडच्यापासून ११ इंचांवर! बरगडी काही आपल्या सोयीने सरकत नाही. हाताचे ब्रॅकेट नको असते तर रुंद पट्टीचे आणून ते दोन वाशांवर बसवता आले असते. त्यावर संच डावी-उजवीकडे सरकवता येतो. भिंतीमागे पंख उघडणारे बोल्टही बाजारात मिळतात. भिंतीला चिकटून बसणाऱ्या हलक्या संचाला ते चालतात. पण लोखंड कितीही बळकट असले तरी धरायला शेवटी जिप्समच असते. हाताच्या ब्रॅकेटला त्यांचा भरवसा नाही.

सुतारबुवांनी पाऊण इंच जाडीची, २८ इंच रुंद आणि १६ इंच उंच अशी प्लायवुडची फळी कापली. मध्यावर ब्रॅकेटचे बोल्ट मागून घालून त्यांची डोकी लाकडात बुडवली. पाणसळ लावून फळी दोन्ही वाशांवर आडवी धरली, आधी बारीक भोके पाडली आणि प्रत्येक वाशात ३ इंची जाड स्क्रू तीन-तीन आवळले. पाऊण इंच फळीत आणि अर्धा इंच तक्त्यात गेला, तरी पावणेदोन इंच स्क्रू खऱ्या लाकडात रुतला. फळीला भिंतीचाच रंग दिला. संच बरोबर मधोमध आला; सूनबाई खूश! तरीही हात ओढायचा तो मोठ्यांनीच, असा कायदा घरात झाला.

'आमच्या विटांच्या भिंतीला याचे काय?' असे वाचक म्हणतील. पण आपल्या शहरांतल्या नव्या सदनिकांतही जिप्समचे पडदे आले आहेत, आणि त्यांच्या आत पुष्कळदा लाकूडही नसते, पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. तेव्हा घराचे काम चालू असतानाच, पडदा बंद होण्यापूर्वी, संचाच्या जागी आतून जाड प्लायवुड बसवून घ्यावे. खर्च थोडा, निश्चिंती जन्माची. आणि तयार भिंत असेल, तर टांगण्यापूर्वी एकदा बोटाने वाजवून पाहावी. ढब ढब आवाज आला, तर गिरमिट खाली ठेवावे आणि आधी बरगडी शोधावी.