लेझर एक, बिलावरचे आजार वेगळे

ओटास्कीम, यमुनानगर, सेक्टर २२ इथून डोळ्यांच्या बिलाची फाईल घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार एकच असते: "ताई, विमा होता, तरी लेझरचे पैसे नाकारले." आपल्याला लेझर म्हणजे एकच उपचार वाटतो. विमा कंपनी मात्र लेझर कोणत्या आजारासाठी मारले ते बघते.

क्लेम फॉर्मचा दुसरा भाग रुग्णालय भरते. त्यात निदानाचा आयसीडी-१० क्रमांक लिहायचा रकाना असतो. हे जागतिक आरोग्य संघटनेने केलेले आजारांचे वर्गीकरण. एच५२.१ म्हणजे लांबचे न दिसणे, चष्म्याचा नंबर. एच२६.४ म्हणजे मोतीबिंदू काढल्यावर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी भिंगामागची पिशवी गढूळ होणे. त्यावर 'याग' लेझर मारतात. एच३६.० म्हणजे मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा मागचा पडदा, आणि त्याच्या जोडीला मधुमेहाचा ई११.३.

चष्मा घालवण्याचे लवकर सांगून टाकते. साडेसात डायऑप्टरपेक्षा कमी नंबरसाठीचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. पॉलिसीत 'एक्सक्लूजन कोड १५' शोधा. एजंट काहीही म्हणो, तिथे लिहिलेले खरे.

खरा घोळ मधुमेहाच्या लेझरमध्ये आहे. मधुमेहाने आणि अधू होत गेलेल्या नजरेने बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत किती छळले, हे आपल्याला ठाऊक आहे. हे लेझर गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली वाचवते. म्हणून ते वेळेत आणि सगळ्या सिटिंगमध्ये पूर्ण व्हावे लागते. पण रुग्ण दुपारी घरी जातो, भरती होत नाही, आणि कंपनी "ही ओपीडी आहे" म्हणून हात वर करते. चाकणच्या एका कंत्राटी कामगाराच्या बिलावर फक्त 'आय लेझर' एवढेच होते. निदान नाही, डावा की उजवा डोळा ते नाही, कितवे सिटिंग ते नाही. क्लेम अडला. दुसऱ्या डोळ्याचे लेझर त्याने पैशांअभावी पुढे ढकलले आणि त्या डोळ्यात रक्तस्राव झाला. बिल लिहिणाऱ्याला ती एक ओळ होती.

म्हणून लेझरच्या आधी विचारा: माझ्या पॉलिसीत हे डे-केअरमध्ये बसते का? उत्तर लेखी घ्या. बिलावर निदान, डोळा, सिटिंग आणि प्रत्येक खर्च वेगळा हवा. पडद्याचे फोटो आणि साखरेचे रिपोर्ट जोडा. कोड खोटा लिहून घ्या असे मी म्हणत नाही. चष्म्याचा नंबर आजार म्हणून दाखवला आणि पकडले गेले, तर क्लेमही जातो आणि पॉलिसीही. विमा घेताना साखर लपवायला सांगणारा एजंटही तितकाच घातक. २०२४ च्या नियमांनुसार आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षे आहे. लपवण्यापेक्षा थांबणे परवडते.

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांच्या पगारातून ईएसआयचे ०.७५ टक्के कापले जात असतील तर खाजगी बिलाच्या भानगडीत आधी का पडता? बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचे काम सोपवले गेले. त्यातून १९४८ चा कायदा आला. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचे रुग्णालय आहे. तिथून रेफर पत्र घेऊनच बाहेर जा. पत्र नसेल तर पैसे परत मिळवताना चपला झिजतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचे लेझर पॅकेजच्या यादीत आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ वर विचारा.

क्लेम नाकारला तर तोंडी कारण ऐकून घरी येऊ नका. कारण लेखी मागा, पॉलिसीतले कोणते कलम लावले ते लिहून घ्या. मग कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्यांचे कार्यालय पुण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही, साध्या मराठीत अर्ज चालतो.