उष्णता-पंप आणि घरांतली भिंत



पंप म्हटला कीं आपल्याला विहीर आठवते. पाणी आपण होऊन वर चढत नाहीं. तें चढविण्यासाठीं श्रम खर्चावे लागतात. उष्णतेचीहि हीच रीत आहे. ऊन वस्तूकडून गार वस्तूकडे ती आपण होऊन वाहते. उलट दिशेनें न्यावयाची झाली तर तिला पंप लागतो. हिवाळ्यांत बाहेरच्या गार हवेंतली उष्णता ओढून घरांत आणणारें, आणि उन्हाळ्यांत तेंच चक्र उलट फिरवून घरांतली उष्णता बाहेर टाकणारें जें यंत्र, त्यालाच उष्णता-पंप म्हणतात. मुंबई-पुण्याच्या घरांतून दिसणारा दोन पेट्यांचा 'स्प्लिट एसी' याच कुळांतला. मात्र त्यांपैकीं पुष्कळ यंत्रें उन्हाळ्याचेंच काम करतात. जेथें हिवाळा कडक, अशा ठिकाणीं, म्हणजे दिल्लीकडे किंवा कॅनडा-अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्या आप्तांच्या घरीं, दोन्ही ऋतूंचें काम करणारें यंत्र बसवितात.

ही कल्पना नवी नाहीं. पुढें लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झालेल्या विल्यम टॉमसन या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं तिची तात्त्विक मांडणी केली. १९३८ सालीं झुरिक शहराच्या नगरभवनांत लिमाट नदीच्या पाण्यांतून उष्णता घेणारा पंप सुरू झाला. साधी विजेची शेगडी एक युनिट विजेपासून एकच युनिट उष्णता देते. उष्णता-पंप सौम्य थंडींत तीन युनिटांच्या आसपास देतो, कारण त्यांतली बरीचशी उष्णता तो बाहेरून वाहून आणतो. थंडी फार वाढली म्हणजे हें प्रमाण घटतें.

आज बोलावयाचें आहे तें या यंत्राच्या आंतल्या पेटीविषयीं, म्हणजे खोलींतल्या भिंतीवर बसणाऱ्या भागाविषयीं. फ्रिज कारखान्यांतून पुरा होऊन येतो. त्याच्या नळ्यांचे सांधे तेथेंच डाग देऊन बंद केलेले असतात. या यंत्राच्या दोन पेट्या मात्र वेगवेगळ्या येतात, आणि त्यांना जोडणारे सांधे आपल्या घरीं केले जातात. कारखान्यानें केलेलें चांगलें काम टिकतें कीं वायां जातें, तें त्या थोड्या तासांत ठरतें. म्हणून कारागीर कामावर असतां घरच्या शहाण्या माणसानें जवळ उभें राहून काय पाहावें, तेवढें सांगतों.

पहिला प्रश्न जागेचा. गार हवा खालीं उतरते, ऊन हवा वर चढते. केवळ गारव्यासाठीं पेटी उंच असणें सोयीचें. परंतु उबेसाठींहि ती वापरावयाची असेल, तर ऊन हवा छतापाशींच तरंगत राहते आणि पायांना थंडी वाजत राहते. पेटींतला तपमान मोजणारा काटाहि वरचीच ऊन हवा मोजून यंत्राला लौकर थांबवितो. यास्तव जमिनीपासून सुमारें सात फूट उंची ठेवून, छताखालीं यंत्राच्या पुस्तिकेंत सांगितलेलें अंतर मोकळें सोडावें, आणि हिवाळ्यांत हवेचा झोत खालच्या दिशेला वळवावा. समोर कपाट किंवा जाड पडदा नसावा. खालीं विजेचीं उपकरणें नसावीं. स्वयंपाकाच्या तेलकट वाफेपासून पेटी दूर असावी. शक्य तर बाहेरचीच भिंत निवडावी. मग नळ्या आंखूड राहतात आणि पाण्याला सरळ वाट मिळते.

दुसरा प्रश्न भिंतीचा. पेटी ज्या पत्र्याच्या पट्टीवर टांगतात, ती पाणसळ लावून समपातळींत बसवावी. विटांच्या भिंतींत खुंट्या घट्ट धरतात. गिलावा पोकळ झाला असेल तर धरत नाहींत. उत्तर अमेरिकेंतील लाकडी सांगाड्याच्या घरांत भिंत म्हणजे वरून ठोकलेला जिप्समचा पातळ फळा. तेथें पट्टी आंतल्या उभ्या लाकडांनाच आंवळावी लागते. नळ्यांसाठीं सुमारें अडीच इंच व्यासाचें भोंक पाडतात. तें बाहेरच्या बाजूला किंचित् उतरतें असावें, नाहींतर पावसाचें पाणी भिंतीवाटे आंत शिरतें. सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींत खांबाला किंवा तुळईला कधींहि भोंक पाडूं देऊं नये. त्यांतल्या लोखंडी सळयांवर मजल्यांचा भार असतो. गिरमिट लावण्यापूर्वीं भिंतींत विजेच्या तारा अथवा पाण्याचे नळ आहेत काय, याची खात्री करून घ्यावी. काम संपल्यावर उरलेली फट लांबीनें बुजवावी. तीच फट उंदरांची आणि झुरळांची वाट होते.

तिसरा प्रश्न पाण्याचा. गार पाण्याच्या तांब्यावर जसे बाहेरून थेंब जमतात, तसे पेटींतल्या थंड जाळीवर उन्हाळ्यांत जमतात. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत या थेंबांचें पाणी बरेंच होतें. त्याला घेऊन जाणारी नळी सर्वत्र उतरती असावी. मध्यें कोठेंहि तिनें वर उसळी घेतां कामा नये, आणि तिचें टोंक पाण्यांत बुडालेलें नसावें. परीक्षा सोपी आहे. पेटीच्या तळांतल्या पन्हळींत हळूहळू तांब्याभर पाणी ओतवून घ्यावें आणि तें सारें बाहेर पडतें कीं नाहीं तें पाहावें. ही परीक्षा त्याच दिवशीं झाली पाहिजे. पुढें भिंतीला ओल आली म्हणजे दोष शोधण्यासाठीं पेटी उतरवावी लागते.

चौथा प्रश्न तांब्याच्या दोन नळ्यांचा. यांतून शीतद्रव्य फिरतें. कारागीर त्याला नुसतें 'गॅस' म्हणतात. नळी करवतीनें कापूं नये. फिरत्या पात्यानें कापावी, आणि कड घासतांना तिचें तोंड खालीं धरावें, म्हणजे तांब्याचा कीस आंत पडत नाहीं. नंतर तिचें तोंड कर्ण्यासारखें फुलवून चाकीनें सांधा आंवळतात. आंवळण्यासाठीं दोन पाने लागतात: एकानें नळी पिळूं न देतां धरावयाचें, दुसऱ्यानें फिरवावयाचें. कमी आंवळल्यास गॅस झिरपतो, अधिक आंवळल्यास तोंड चिरतें. म्हणून किती जोर लागला तें दाखविणारा पाना वापरणें उत्तम. दोन्ही नळ्यांना निरनिराळें उष्णतारोधक आवरण हवें. दोघींना मिळून एकाच आवरणांत गुंडाळल्यास एकीची उष्णता दुसरींत जाते.

आतां सर्वांत महत्त्वाचें, आणि सर्वांत अधिक टाळलें जाणारें काम. सांधे जोडल्यावर नळ्यांत साधी हवा आणि तिच्याबरोबर ओलावा उरलेला असतो. ही ओल यंत्राच्या तेलाशीं मिसळून आम्ल उत्पन्न करते आणि तें यंत्राला आंतून खातें. यावर खरा उपाय दोन पायऱ्यांचा. आधीं कोरडा नायट्रोजन दाबानें भरून सांधे गळतात कीं काय तें तपासावें. येथें ऑक्सिजन कधींहि वापरूं नये, तेलाशीं त्याचा संयोग झाल्यास स्फोट होतो. नंतर निर्वात पंप लावून आंतील हवा काढावी. वातावरणाचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरांइतका असतो. येथें तो अर्ध्या मिलिमीटरापर्यंत उतरवितात. इतक्या कमी दाबांत खोलींतल्या साध्या उबेनेंहि पाण्याची वाफ होते आणि ती ओढली जाते. मग पंप बंद करून काटा जागच्या जागीं राहतो कीं चढतो, तें पाहावयाचें. चढला, तर कोठें तरी गळती आहे, किंवा ओल उरली आहे.

कांहीं घाईचे कारागीर हें सारें टाळून थोडा गॅस सोडतात आणि त्याच्या जोरानें हवा हांकलून देतात. दहा मिनिटें वांचतात. ओल मात्र आंतच राहते, आणि सोडलेला गॅस आकाशांत जातो. आज पुष्कळ यंत्रांत असणारें आर-३२ हें शीतद्रव्य शंभर वर्षांच्या हिशेबानें तितक्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारें ६७५ पट पृथ्वीला तापवितें. शिवाय तें मंदपणें कां होईना, पण पेट घेणारें आहे. अमेरिकेंत व युरोपीय संघांत असली द्रव्यें हाताळण्यास प्रमाणपत्र लागतें, तें याच कारणांसाठीं.

आपल्याकडे एक समजूत फार रूढ आहे, ती अशी कीं दर उन्हाळ्यापूर्वीं यंत्रांत गॅस भरावाच लागतो. समईंतलें तेल जळून सरतें, तसा हा गॅस सरत नाहीं. तो बंद नळ्यांत वर्षानुवर्षें तोच फिरत राहतो. तो कमी झाला असेल, तर कोठें तरी गळती आहे असेंच समजावें. आणि ती न शोधतां नुसता गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें होय. त्या दिवशीं एका सांध्यावर झालेल्या हयगयीचा दंड गृहस्थ असा दरवर्षीं भरीत राहतो.

विजेविषयीं एकच गोष्ट. या यंत्राला स्वतंत्र जोडणी, योग्य जाडीची तार आणि भूमिजोडणी हवी, आणि तें काम परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावें.

सारांश, कारागिराच्या कामांत ढवळाढवळ न करतां गृहस्थानें चार गोष्टी सौजन्यानें विचाराव्या: भोंक पाडण्यापूर्वीं भिंत तपासली काय, पन्हळींत पाणी ओतून पाहिलें काय, नळ्या दाबाखालीं तपासल्या काय, आणि निर्वात पंप लावून काटा स्थिर राहिला काय. चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात, कारण त्याच्या श्रमाची कदर करणारा कोणी भेटला असें त्याला वाटतें. काम अर्धवट सोडून जाणाऱ्याला ते आवडणार नाहींत. परंतु त्याची नापसंती आपल्याला त्याच दिवशीं कळलेली बरी.