28 दिवसांचा महिना

महिना किती दिवसांचा, या प्रश्नाला आपल्या व्यवहारात आजवर दोनच उत्तरे होती. पंचांगाचा चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा आणि कचेरीचा महिना तीस-एकतीस दिवसांचा. फेब्रुवारी तेवढा अपवाद. मोबाइल कंपन्यांनी तो अपवादच नियम करून टाकला. त्यांच्या लेखी वर्षाचे सर्व महिने फेब्रुवारीचेच. आणि 28 दिवसांचे असे महिने वर्षात 13 बसतात. शिक्षकाला आणि कारकुनाला पगार मात्र बाराच मिळतात. तेरावे रिचार्ज त्या बारांतूनच भागवावे लागते.

नोकरदार माणूस यावर कुरकुरतो आणि पैसे भरून मोकळा होतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्याच्या पाड्यावरील माणसाला तसे मोकळे होता येत नाही. होळीच्या आधी धडगावच्या बाजारात एका रिचार्जच्या दुकानापाशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. हाती बटणांचा साधा फोन. मुलगा व सून गुजरातेत ऊसतोडीला गेलेली. ती होळीला केव्हा परतणार, एवढेच त्यांना ऐकायचे होते. मुदत संपल्यामुळे येणारे फोनही बंद झाले होते. दुकानदाराने सांगितलेल्या रकमेत इंटरनेट समाविष्ट होते. वृद्धाने फोन उलटसुलट करून विचारले की ते यात दिसते कोठे? दुकानदार हसला, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मीठ घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला साखर घेतल्याखेरीज मीठ मिळणार नाही असे वाण्याने सांगितले, तर आपण त्याला काय म्हणू?

दरांची रचना ही केवळ हिशेबाची बाब नाही. तिच्यामागे ग्राहक कोण, याविषयीची एक कल्पना असते. जुलै 1995 मध्ये देशात मोबाइल सुरू झाला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. 2003 च्या मे महिन्यापासून येणारा फोन मोफत झाला आणि मोबाइल खऱ्या अर्थाने सामान्यांच्या हाती आला. त्याच वर्षी नोकियाने 1100 हा फोन आणला. धुळीला दाद न देणारी बटणे आणि वर चक्क विजेरी! वीज नसलेल्या पाड्यावरचा माणूस डोळ्यांपुढे ठेवून वस्तू घडविली की ती कशी होते, याचा तो नमुना होता. 2009 मध्ये टाटा डोकोमोने मिनिटाऐवजी सेकंदाला एक पैसा आकारण्यास आरंभ केला, आणि ग्राहकांचा ओढा पाहून इतर कंपन्यांनाही त्या वाटेने जावे लागले. ग्राहकानेही स्वतःचे अर्थशास्त्र शोधले होतेच. त्याचे नाव ‘मिस्ड कॉल’. एक वाजवून बंद केले की पोहोचलो, दोनदा वाजवले की फोन कर. हे संकेत कोणत्याही कंपनीने शिकविले नव्हते.

2005-06 च्या सुमारास ‘लाइफटाइम’ योजना आल्या. एकदा पैसे भरा, येणारे फोन कायम चालू, असे त्यांचे आश्वासन होते. 2018 च्या अखेरीस ते आयुष्य संपले आणि सिम जिवंत ठेवण्यासाठी दर 28 दिवसांनी किमान रक्कम भरण्याची पद्धत आली. एअरटेलची ही रक्कम तेव्हा 35 रुपये होती. नोव्हेंबर 2021 मध्ये ती 99 झाली आणि जुलै 2024 मध्ये 199. दहा रुपयांचे कूपन मिळते, पण त्याने बोलण्याचे पैसे वाढतात, दिवस वाढत नाहीत.

परवडत नसेल तर फोन ठेवू नये, असे म्हणणाऱ्यांनी शहादा तालुक्यातील टेंभली आठवावी. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावात पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिले गेले. पुढे आधारला बँकेचे खाते जोडले गेले आणि दोहोंना मोबाइल. आज पडताळणीचा सांकेतिक आकडा येतो तो फोनवर. दीर्घकाळ वापराविना राहिलेला क्रमांक कंपनी काढून घेते आणि कालांतराने दुसऱ्यास देते. म्हणजे ऊसतोडीच्या हंगामात क्रमांक गेला, तर परतलेल्या मजुराचा बँकेशी असलेला दुवाच तुटतो. चैनीची वस्तू म्हणून तिची गणना करण्याचे दिवस केव्हाच गेले.

ग्राहकांची ओरड अगदीच वाया गेली असे नाही. वर्षातून 13 वेळा पैसे भरावे लागतात या तक्रारींची दखल घेऊन दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी 2022 मध्ये 30 दिवसांची निदान एक योजना ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले. डिसेंबर 2024 मध्ये त्याने आणखी पुढचे पाऊल टाकले: केवळ बोलणे आणि संदेश यांसाठी, इंटरनेटविना, स्वतंत्र योजना हवी आणि तिची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकेल. सातपुड्यात मनोरा उभारणे खर्चाचे असते आणि आपल्याकडील इंटरनेटचे दर जगात स्वस्तांत मोडतात, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण ज्याला इंटरनेट नकोच त्याला त्या स्वस्ताईचे काय?

खरी मेख मुदतीत आहे. जानेवारी 2025 मध्ये इंटरनेटविना योजना आल्या त्या 84 दिवसांच्या किंवा वर्षभराच्या. एअरटेलने 84 दिवसांना 469 आणि वर्षाला 1849 रुपये असे दर ठेवले. जिओने 84 दिवसांना 448. आता हिशेब पाहा. 199 रुपये तेरा वेळा भरणारा वर्षाकाठी 2587 रुपये देतो, म्हणजे एकरकमी भरणाऱ्यापेक्षा 738 रुपये अधिक. आणि ते अधिकचे पैसे ज्या इंटरनेटचे, ते त्याच्या फोनवर चालतही नाही. ज्याच्या हाती एकरकमी पैसे आहेत त्याला वस्तू स्वस्त, ज्याच्या हाती नाहीत त्याला महाग. गूळ पावशेर-पावशेर विकत घेणाऱ्यास हा न्याय नवा नाही. परंतु येथे वाणी बदलावा म्हटले तर दुकानेच तीन-चार. कोयत्यावर जाणाऱ्याची उचल आधीच खर्ची पडलेली असते, आणि आठवडे बाजाराच्या पैशांत 84 दिवस मावत नाहीत. मुदत किती ठेवावी हे प्राधिकरणाने कंपन्यांवर सोपविले. त्याऐवजी इंटरनेटविना योजनेतही 30 दिवसांची एक लहान पुडी असावी एवढी एक अट घालता आली असती, आणि अजूनही घालता येईल.

धडगावच्या त्या वृद्ध गृहस्थांना दुकानदाराने 84 दिवसांचीही योजना समजावून सांगितली. त्यांनी कनवटीच्या नोटा दोनदा मोजल्या, थोडे थांबले आणि 28 दिवसांचेच रिचार्ज मारायला सांगितले, इंटरनेटसह.