विश्लेषण : सर्व्हरचा प्रत्येक इशारा फोनवर हवा का?

पहाटे तीनला फोन वाजतो. ‘डिस्क ८० टक्के भरली.’ उठून पाहावे तर सर्व्हर सुरळीत चालू. असे आठवडाभर झाले की ड्युटीवरचा इंजिनीअर फोन सायलेंट करून झोपतो. मग ज्या रात्री डेटाबेस खरोखर बंद पडतो, त्या रात्री कुणालाच जाग येत नाही.

दुर्लक्ष किती महागात पडते?

अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीवर २०१३ मध्ये सायबर हल्ला झाला. सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील चोरीला गेला. कंपनीच्या सुरक्षा प्रणालीने अनेक इशारे दिले होते, पण त्यांवर हालचाल झाल्याचे दिसत नाही, असे अमेरिकी सिनेटच्या समितीसाठी २०१४ मध्ये तयार झालेल्या अहवालात म्हटले आहे.

तीव्रता कोण ठरवते?

‘झॅबिक्स’ हे सर्व्हरवर देखरेख ठेवणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मूळचे लॅटव्हियातले, २००१ पासूनचे. त्यात तीव्रतेच्या सहा पायऱ्या आहेत : नॉट क्लासिफाइड, इन्फर्मेशन, वॉर्निंग, ॲव्हरेज, हाय आणि डिझास्टर. कोणत्या बिघाडाला कोणती पायरी, हे प्रत्येक ‘ट्रिगर’वर ठरते आणि खरे डोके इथेच लागते. २ टीबीची डिस्क ९० टक्के भरली तरी सुमारे २०० जीबी शिल्लक असतात. २० जीबीच्या डिस्कवर उरतात जेमतेम २ जीबी. टक्केवारी तीच, पण एकीची दखल सकाळी घेतली तरी चालते, दुसरीची नाही. ‘आत्ता उठून मी काही केले नाही, तर सकाळपर्यंत ग्राहकाचे काम अडेल का?’ याचे उत्तर ‘हो’ असेल तरच हाय किंवा डिझास्टर द्यावे. सगळेच डिझास्टर करून ठेवणारी मंडळीही भेटतात. त्यांच्या यंत्रणेत पायऱ्या असून नसल्यासारख्या.

फोनपर्यंत काय पोहोचते?

इथे दोन गाळण्या आहेत. पहिली ‘ॲक्शन’ची : तीव्रता ॲव्हरेज किंवा त्याहून अधिक असेल तरच संदेश पाठवा, अशी अट तिथे घालता येते. दुसरी वापरकर्त्याच्या ‘मीडिया’ची. तिथे सहाही पायऱ्यांच्या चौकटींवर सुरुवातीला खूण असते आणि वेळ चोवीस तासांची. अनेक जण ती तशीच सोडतात. त्याऐवजी दोन नोंदी कराव्यात. ई-मेलला वॉर्निंगपासून वरचे सगळे, कामाच्या वेळेत. टेलिग्राम किंवा एसएमएसला फक्त हाय व डिझास्टर, चोवीस तास. संदेश दोन्ही गाळण्यांतून गेला तरच पोहोचतो. शिवाय त्या वापरकर्त्याला संबंधित सर्व्हर पाहण्याची परवानगी हवी. संदेश न येण्यामागे बऱ्याचदा हेच विसरलेले असते.

उत्तरच आले नाही तर?

ॲक्शनमध्ये टप्पे लावता येतात. पहिला संदेश ड्युटीवरच्याला. ठरलेल्या वेळेत त्याने दखल नोंदवली नाही, तर पुढचा वरिष्ठांना. टप्प्यांमधले अंतर मुळात एक तासाचे असते. डिझास्टरसाठी ते दहा मिनिटांवर आणणेच बरे.

सारखा चालू-बंद होणारा इशारा हा वेगळाच ताप. त्यावर उपाय म्हणजे इशारा ९० टक्क्यांना सुरू करावा, पण ८० टक्क्यांखाली आल्यावरच मिटवावा.

‘मीडिया टाइप’समोरचे ‘टेस्ट’ बटण फक्त संदेशाचा मार्ग मोकळा आहे का, एवढेच सांगते. गाळण्या तपासायच्या तर चाचणीच्या सर्व्हरवरची एखादी सेवा खरोखर थांबवून फोन वाजतो का, ते पाहावे लागते.