पिंजऱ्यावरचं कार्ड

हैदराबादेत ससे, गिनीपिग, उंदीर यांचा व्यवहार दोन वेगळ्या जगांत चालतो. चारमिनारजवळच्या महबूब चौकाला सगळं शहर मुर्गी चौक म्हणतं. कोंबड्या, कबुतरं, लव्हबर्ड यांच्यासोबत तिथे सशांची पिल्लंही विकायला येत आली आहेत. तिथून आठ-दहा किलोमीटरवर तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ मध्ये कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी सुरू केलेलं संशोधन १९५८ मध्ये या शहरात आलं आणि कुन्नूरला जोपासलेला विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांचा वंशही सोबत आला. पुढे देशभरच्या प्रयोगशाळांना प्राणी पुरवणारं केंद्र इथेच उभं राहिलं. बाजारातला उंदीर ‘पांढरा’ एवढ्याच ओळखीवर विकला जातो. तार्नाक्याच्या उंदराला मात्र वंशाचं नाव आहे, ‘विस्टार एनआयएन’.

हे नाव टिकतं ते कागदामुळे. सख्ख्या भावंडांची जोडी लावत सलग वीस पिढ्या काढल्या, की तो वंश ‘इनब्रेड’ मानला जातो. मधल्या एखाद्या पिढीत दोन पिंजऱ्यांची कार्डं अदलाबदल झाली तरी वरून काहीच कळत नाही. सगळे पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल. कळतं ते पुढे, कुठल्या तरी प्रयोगाचे आकडे जुळेनासे होतात तेव्हा. उलट बाजूही आहे. १९९६ मध्ये याच वंशात अचानक लठ्ठ उंदीर दिसले आणि एन. व्ही. गिरिधरन यांच्या गटाने त्यांच्यापासून लठ्ठपणा अन् मधुमेहाच्या अभ्यासासाठी नवे वंश तयार केले. असा एखादा वेगळा जीव सापडला की पहिला प्रश्न असतो, याचे आईबाप कोण, आणि भावंडं कुठल्या पिंजऱ्यात?

प्रत्यक्ष खूण करायच्या पद्धती थोड्या, आणि प्रत्येकीत काही ना काही खोट. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास दिसतं ते पिक्रिक ॲसिड. पिवळाधमक द्रव, कापसाच्या बोळ्याने अंगावर लावायचा. डोकं, पाठ आणि शेपटी या तीनच जागा. पण एकाला डोक्यावर, दुसऱ्याला पाठीवर, तिसऱ्याला शेपटीवर, मग दोन-दोन जागा, एकाला तिन्हीकडे आणि एक कोरा सोडला, की एका पिंजऱ्यातले आठ उंदीर वेगळे ओळखू येतात. पद्धत स्वस्त आहे आणि प्राण्याला दुखत नाही. मात्र केस झडून नवे आले की रंग गेलाच, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोळा फिरवायचा. (हेच रसायन पूर्ण सुकलं तर स्फोटक ठरतं, म्हणून बाटलीत ते ओलं ठेवतात. बाजारातल्या माणसाने याच्या नादी लागू नये.)

जास्त दिवसांसाठी कानाला बारीक छिद्रं पाडतात. एका चालीत उजव्या कानावर एकं, डाव्यावर दहं. छिद्राची जागा म्हणजे आकडा. मात्र प्रत्येक ठिकाणची चाल वेगळी, त्यामुळे तिचा तक्ता भिंतीवर लावलेला हवा. शिवाय भांडणात कान फाटला की आकडा बदलतो. सशाचा कान मोठा, तिथे गोंदण छान बसतं. मायक्रोचिप पंधरा आकडी क्रमांक देते, पण ती सुमारे बारा मिलिमीटर लांब. कुत्र्याच्या मानेत ती सहज मावते, पंचवीस ग्रॅमच्या उंदराला ते ओझंच. पूर्वी पायाचं बोटही कापत असत. व्यापाऱ्याने तर तो विचारही करू नये.

कायदा या दोन जगांपर्यंत वेगवेगळ्या वाटांनी आला. प्रयोगांसाठीच्या प्राण्यांची पैदास करणाऱ्यांना १९९८ च्या नियमांनी नोंदणी आणि नोंदवही बंधनकारक केली. प्रयोगशाळांनी प्राणी नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यावेत, असा दंडक आला. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी वेगळे नियम यायला २०१८ उजाडलं. त्यांत कुत्र्या-मांजरांबरोबर ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर यांचीही नावं आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि दुकानात नोंदी, दोन्ही आवश्यक. हॅमस्टर विकणाऱ्याला वही ठेवायला लावणं म्हणजे सरकारी हौस, असं अनेकांना वाटतं. त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत.

एप्रिल २००३ मध्ये घानाहून टेक्सासला सुमारे आठशे छोटे सस्तन प्राणी उतरले. त्यांत गांबियन उंदीर होते, खारी होत्या. त्यांतल्या काहींना मंकीपॉक्सची लागण झाली होती. इलिनॉयच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांच्या शेजारी ठेवलेल्या प्रेअरी डॉगना ती लागली आणि तिथून घरोघरी गेली. तपास यंत्रणेने आफ्रिकेतून आलेल्या ७६२ प्राण्यांचा माग काढायला घेतला, पण त्यांतले १७८ कुठे गेले ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण पुढच्या विक्रीची नोंदच नव्हती. दुसरी गोष्ट हाँगकाँगची. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या एका दुकानातल्या हॅमस्टरांमध्ये कोविड सापडला. नेदरलँड्सहून माल कधी उतरला ते कागदावर असल्याने सरकारला २२ डिसेंबर ही रेघ ओढता आली. त्या दिवसापासून विकत घेतलेले हॅमस्टर परत मागवले गेले आणि दोन हजारांवर प्राणी मारले गेले. हे क्रूर होतं, आणि तेव्हा लोक संतापलेही. पण ती तारीख हाताशी नसती, तर शहरातला एकूण एक हॅमस्टर संशयित ठरला असता.

दोन्हीकडे प्रश्न एकच होता, हा कुठल्या खेपेतला? कुठल्याही एका उंदराचा क्रमांक कोणी विचारत नव्हतं. म्हणून छोट्या प्राण्यांच्या दुकानदाराकडून तार्नाक्याची शिस्त मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अमेरिकेचा १९६६ चा प्राणी कल्याण कायदा याबाबतीत व्यवहारी आहे. व्यापाऱ्याकडच्या कुत्र्या-मांजरांना स्वतंत्र पट्टा किंवा गोंदण लागतं. ससे, गिनीपिग, हॅमस्टर यांच्या बाबतीत पेटीवरचं लेबल चालतं. त्यावर जात, संख्या आणि ओळखीच्या खुणा असल्या म्हणजे झालं. मात्र पथ्य एकच आणि ते कडक आहे: दोन खेपा एका पेटीत घालायच्या नाहीत. सोमवारच्या सशांत गुरुवारचे ससे मिसळले, की लेबल कितीही सुंदर अक्षरात लिहिलेलं असो, त्याला काडीची किंमत उरत नाही. जागेची टंचाई असलेल्या गल्लीतल्या दुकानात हे जड जातं, याची कल्पना आहे.

वहीचं गणित किराणा दुकानापेक्षा अवघड नाही. कालची शिल्लक, त्यात आवक आणि जन्म, वजा विक्री आणि मृत्यू, उरलं ते आजचं. फरक एवढाच, की इथला माल रात्रीतून वाढतो. हॅमस्टरची मादी सोळा दिवसांत विते, उंदराची तीन आठवड्यांत. त्यात आणखी एक गोम आहे. नुकत्याच व्यालेल्या मादीचं घरटं ढवळलं तर ती पिल्लं खाऊन टाकू शकते, म्हणून जाणते लोक पहिल्या आठवड्यात हात लावत नाहीत. मग जन्माच्या रकान्यात तारीख तेवढी लिहायची आणि पक्का आकडा पिल्लं दूध सोडतील त्या दिवशी. मृत्यूचा रकाना कोरा ठेवण्याकडे दुकानदारांचा कल असतो. गिऱ्हाइकाला दिसलं तर, ही भीती. खरं तर एकाच पुरवठादाराकडून आलेल्या दोन खेपांत लागोपाठ सहा-सहा पिल्लं दगावली, हे त्याच रकान्यात दिसतं आणि पुढचा तोटा वाचतो.

जन्मतारखेचा उपयोग गिऱ्हाइकालाही आहे. ‘दोन्ही माद्याच आहेत’ म्हणून घरी आणलेली जोडी महिन्याभरात पाच-सहांवर गेल्याच्या कथा काही थोड्या नाहीत. लहानपणी नर-मादी ओळखणं जाणत्यालाही चकवतं. पण तारीख माहीत असली तर कधी पुन्हा तपासायचं आणि कधी वेगळं ठेवायचं, हे ठरवता येतं. तेव्हा ससा किंवा हॅमस्टर घेताना दुकानदाराकडून पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: जन्मतारीख किंवा अंदाजे वय, नर की मादी, कुठल्या पुरवठादाराकडून आला आणि दुकानात कोणत्या दिवशी आला. तिसऱ्या गोष्टीला बहुतेक जण का-कू करतील. चौथी मात्र जो पेटीवरचं कार्ड वाचून लगेच सांगेल, त्याच्याकडून प्राणी घ्यायला हरकत नाही.