आबिद (लघुपट)

आबिद हा प्रमोद पती यांनी दिग्दर्शित केलेला, १९७२ सालचा सुमारे ५ मिनिटांचा प्रयोगशील लघुपट आहे. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजन या मुंबईस्थित संस्थेने त्याची निर्मिती केली. चित्रकार, व्यंगचित्रकार व लेखक आबिद सुरती हे या लघुपटाचा विषय आहेत आणि पडद्यावरील पात्रही. जन्म, शिक्षण, मानसन्मान असा चरित्रपटाचा क्रम येथे आढळत नाही. चित्रकार एका खोलीत रंगवू लागतो आणि भिंतीच त्याचा चित्रफलक होतात, एवढेच कथानक.

निर्मिती आणि तंत्र

पती (१९३२–१९७५) मूळचे ओडिशाचे. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी ट्रन्का या बाहुलीपटकाराच्या हाताखाली ते शिकले. तेथील संस्कार ‘आबिद’मध्ये स्पष्ट जाणवतो, फरक इतकाच की येथे बाहुलीच्या जागी जिवंत माणूस आहे. या तंत्रास पिक्सिलेशन म्हणतात. नट एका स्थितीत थांबतो, कॅमेरा एक चौकट टिपतो, नट किंचित सरकतो आणि पुन्हा चौकट टिपली जाते. सेकंदाला २४ चौकटी धरल्यास ५ मिनिटांना ७,२०० चौकटी लागतात. प्रत्येक स्थिती दोन चौकटींपुरती ठेवली, तरी ३,६०० वेळा थांबणे आलेच. अशा चित्रणात माणूस पाऊल न उचलता घसरत जातो आणि रंग भिंतीवर उगवल्यासारखे पसरतात. नॉर्मन मॅक्लॅरेन यांच्या ‘नेबर्स’ (१९५२) या लघुपटाने हे तंत्र जगभर परिचित केले होते.

भिंतीवरील चित्र पाहणाऱ्यास पूर्ण झालेले चित्र दिसते. ते घडण्याचा काळ दिसत नाही. पतींनी नेमका तो काळच विषय केला. इटालियन पथचित्रकार ब्लू यांच्या ‘मुटो’ (२००८) या लघुपटाशी तुलना केल्यास हे अधिक उलगडते. त्यांनी ब्वेनोस आइरेससह अन्यत्र सार्वजनिक भिंतींवर चित्रे काढली, प्रत्येक चित्र टिपले आणि पुढच्यासाठी ते पुसले. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही ती सारी मालिका सलग पाहता आली नसती; ती केवळ चित्रफितीत अस्तित्वात आहे. ‘आबिद’ची भिंत खोलीतली आहे, रस्त्यावरची नव्हे, हा भेद मात्र विसरू नये.

प्रेक्षक

त्या काळी परवान्याच्या अटीनुसार चित्रपटगृहांना मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य लघुपट दाखवावे लागत. चित्रपटगृह मुंबईतले असो वा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडसारख्या तालुक्याच्या गावातले, अट एकच होती. कलादालनाची पायरी न चढलेल्या प्रेक्षकासमोर आधुनिक चित्रकला नेण्याचा एवढा रुंद मार्ग दुसरा नव्हता. अर्थात हा प्रेक्षक ओढून आणलेला होता. ‘न्यूजरील’ संपेपर्यंत बाहेर रेंगाळणारेही पुष्कळ असत, आणि कुटुंबनियोजनाच्या प्रचारपटांची सवय झालेल्यांना असा निवेदनाचा आधार न देणारा प्रयोग कोड्यात टाकणाराच होता. तरीही सरकारी पैशातून असे प्रयोग होऊ शकले, याचे श्रेय १९६०च्या दशकात जाँ भावनगरी यांनी संस्थेत दिलेल्या मोकळीकीस द्यावे लागते. पतींचेच ‘एक्सप्लोरर’ (१९६८) आणि ‘ट्रिप’ (१९७०) हे त्याच वातावरणातले लघुपट होत.